बाजार कोणाचा, काटा कोणाचा?

मनोरंजनाच्या बाजारपेठेत गेल्या काही वर्षांत एक नवी व्यवस्था रुजली आहे. इंटरनेटवरून चालणाऱ्या निरनिराळ्या सशुल्क वाहिन्यांची वर्गणी आता दहा ठिकाणी भरण्याची गरज उरलेली नाही. एकाच व्हिडिओ-मंचावर नाव नोंदवावे, हव्या त्या वाहिन्या तेथेच निवडाव्यात, पैसेही तेथेच भरावेत आणि सर्व काही एकाच पडद्यावर पाहावे, अशी ही योजना आहे. अमेरिकेत ॲमेझॉनने डिसेंबर २०१५ मध्ये तिचा आरंभ केला. यूट्यूबने नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथेच असे दालन उघडले. भारतात ॲमेझॉनच्या ‘प्राइम व्हिडिओ’ने सप्टेंबर २०२१ मध्ये आठ वाहिन्यांसह ही योजना आणली. टाटा प्ले, एअरटेल यांनीही आपापल्या परीने अशीच एकत्रित दालने थाटली. वरकरणी ही केवळ ग्राहकाच्या सोयीची बाब दिसते. मग समाजवादी साप्ताहिकाने तिच्यासाठी जागा का खर्चावी, असे एखादा साथी विचारील. त्याचे उत्तर असे की, या सोयीच्या पोटात बाजाराच्या मालकीचा प्रश्न दडलेला आहे, आणि तो प्रश्न आपल्या वऱ्हाडला तरी अपरिचित नाही.

आरंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सोय खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पाच वाहिन्यांचे पाच परवलीचे शब्द, पाच निरनिराळ्या तारखांना होणारी वसुली आणि वर्गणी बंद करण्यासाठी पाच ठिकाणी माराव्या लागणाऱ्या खेपा यांतून सुटका झाली तर कोणाला नको आहे? शिवाय या मंचांनी जिल्ह्याच्या गावाला जे दिले, तेही विसरता येत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळाले. पूर्वीचा काळ असता, तर असा चित्रपट अकोल्याच्या पडद्यावर कधी लागला असता की नाही याची शंकाच होती. एप्रिल २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला आणि मुंबईच्या प्रेक्षकाला ज्या दिवशी पाहता आला त्याच दिवशी तेल्हारा-पातूरच्या प्रेक्षकालाही पाहता आला. तंत्रज्ञानाने अंतर कमी केले, हे सत्य आहे. पण तंत्र कोणते, हा एक प्रश्न. आणि त्या तंत्राची मालकी कोणाकडे व कोणत्या अटींवर, हा दुसरा. या दोहोंची गल्लत करणे भांडवलाच्या सोयीचे असते.

व्यवस्थेची घडण पाहू. प्राइम व्हिडिओच्या योजनेत प्रेक्षकाने आधी मंचाचे सभासदत्व घ्यावयाचे, मगच आतल्या वाहिनीची वर्गणी भरावयाची. म्हणजे वेशीची पट्टी वेगळी आणि दुकानातील मालाचे मोल वेगळे. पैसा मंचाच्या हाती येतो. त्यातून आपला वाटा ठेवून तो उरलेला वाहिनीला देतो. हा वाटा किती, हे दोघांतील कराराने ठरते आणि तो करार गोपनीय असतो. कोणी काय पाहिले, किती वेळ पाहिले, कोठे सोडून दिले, याची वही मंचाकडे असते. पडद्यावर प्रथम कोणता चित्रपट दिसावा आणि कोणता दहा वेळा बोट सरकवल्याशिवाय दिसू नये, हेही मंचच ठरवितो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या मंचाचे स्वतःचे चित्रपट आणि मालिकाही याच पडद्यावर विक्रीस असतात.

वऱ्हाडचा जुना धडा

कापसाच्या बाजारात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरकडे निघाला, तेव्हा येथील शेतकऱ्याची स्थिती कशी होती? बैलगाडी बाजारात आली की भाव ठरे तो रुमालाखाली. अडत्या आणि खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटे दाबून सौदा करीत. ‘हत्ता’ पद्धत म्हणतात ती हीच. ज्याचा माल, त्यालाच भाव कसा ठरला हे कळत नसे. काटा व्यापाऱ्याचा, मापारी त्याच्याच विश्वासातला. तोलाई, हमाली, अडत, धर्मादाय अशा कपाती होत होत शेतकऱ्याच्या हाती काय उरेल याचा नेम नसे.

यावर कायद्याने काही बंधन घालावे ही कल्पना देशात प्रथम याच भूमीत रुजली. कारंजा येथे १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. तो शेतकऱ्याच्या कळवळ्यातून झाला असे मानण्याचे कारण नाही. विलायतेच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात मिळावा, हा त्यामागचा खरा हेतू होता. त्याच्या समित्यांत व्यापाऱ्यांचेच प्राबल्य राहिले. शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला, तेव्हा वऱ्हाडच्या व्यवस्थेतील उणिवाही दाखवून दिल्या. तत्पूर्वी १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने उत्पादकाला समितीत स्थान दिले होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार कायदा आला.

या ऐंशी वर्षांच्या प्रवासातून चार तत्त्वे सिद्ध झाली. भाव उघड हर्रासात ठरावा. काटा तपासलेला असावा. कपाती किती आणि कोणत्या, हे आधी जाहीर असावे. आणि ज्याच्या हाती यार्डाचा कारभार, त्याने त्याच यार्डात आपला माल पुढे रेटू नये. बाजार समित्यांनी ही तत्त्वे किती पाळली आणि किती पायदळी तुडविली, हा स्वतंत्र विषय आहे. वऱ्हाडातील शेतकरी त्यावर कडवटपणे बोलेल आणि ते योग्यच असेल. परंतु तत्त्वे मोडली गेली म्हणून ती खोटी ठरत नाहीत.

नव्या यार्डातील हत्ता

आता ही चार तत्त्वे व्हिडिओ-मंचाला लावून पाहू. मंच आणि वाहिनी यांच्यातील गोपनीय करार ही नव्या युगातील हत्ता पद्धतच होय. ज्याचा माल, म्हणजे चित्रपट निर्माण करणारा, त्याला रुमालाखाली काय घडले ते दिसत नाही. काट्याची गोष्ट तर अधिकच गंभीर. आपला चित्रपट किती लोकांनी पाहिला, हे निर्मात्याला मंच सांगेल तेवढेच कळते. तो आकडा पडताळण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. चित्रपटगृहाच्या खिडकीवर विकलेल्या तिकिटांचा हिशेब तरी करमणूक कराच्या निमित्ताने शासनाच्या दप्तरी जात असे. येथे तोही नाही.

कपातीविषयी एका शेजारच्या बाजाराचे उदाहरण बोलके आहे. मोबाइलवरील उपयोजनांच्या दुकानात ॲपलने वर्गणीच्या पहिल्या वर्षी ३० टक्के आणि त्यानंतर १५ टक्के वाटा घेण्याचा नियम २०१६ मध्ये केला. गूगलच्या अशाच दुकानातील पैसे भरण्याच्या सक्तीच्या पद्धतीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ९३६ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात मार्च २०२५ मध्ये तो सुमारे २१६ कोटींवर आणण्यात आला. दंडाची रक्कम कमी-अधिक होवो. दुकानाचा मालक वेशीवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक रुपयातून हिस्सा घेतो, एवढे या प्रकरणाने सिद्ध केले.

आणि ग्राहकाचे काय? अर्थशास्त्राचा एक साधा नियम आहे. प्रथम स्वस्ताई दाखवून गर्दी जमवावी, इतरांची दुकाने ओस पाडावीत आणि लोकांना बाहेर जाणे अवघड झाले की मग भाव वाढवावा. ॲमेझॉनने जुलै २०१६ मध्ये प्राइमचे वार्षिक सभासदत्व ४९९ रुपयांना आणले. ते आधी ९९९ झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये १,४९९. पाच वर्षांत तिप्पट. तेवढ्यावरही भागले नाही. जून २०२५ पासून पैसे भरलेल्या सभासदालाही जाहिराती दाखविल्या जाऊ लागल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये मोजा, असे सांगण्यात आले. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे वेशीची पट्टी भरण्यासाठीच मजुराची जवळजवळ पाच दिवसांची मजुरी लागते. आतल्या वाहिन्यांची वर्गणी त्यानंतरची.

बाहेर पडणे अवघड का होते, हेही समजून घेतले पाहिजे. वाहिन्यांची वर्गणी, घरातल्या प्रत्येकाच्या आवडीची नोंद, अर्धवट पाहिलेल्या मालिका हे सर्व एका मंचाच्या वहीत साठत जाते. दुसरीकडे जावयाचे तर ती वही सोबत नेता येत नाही. सावकाराकडून सुटता न येण्याचे एक कारण कर्ज हे होतेच. पण हिशेबाची वही त्याच्याकडे असणे, हेही तितकेच मोठे कारण होते.

रस्ता, गाडी आणि यार्ड

एकाच मंचाची ही कथा. परंतु भारतात याहून मोठे केंद्रीकरण घडले आहे. रिलायन्सकडे मोबाइल आणि इंटरनेटचे जाळे आहे. २०१८ मध्ये तिने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत नियंत्रक वाटा घेण्याचा व्यवहार केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नेच्या भारतातील स्टार व हॉटस्टार या व्यवसायांचे रिलायन्सच्या माध्यम व्यवसायाशी विलीनीकरण पूर्ण झाले. त्या संयुक्त कंपनीचे मूल्य ७०,००० कोटी रुपयांहून अधिक धरण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘जिओहॉटस्टार’ हा एकत्रित मंच सुरू झाला. रस्ता त्यांचा, गाडी त्यांची, यार्ड त्यांचे आणि यार्डातील बराचसा मालही त्यांचाच.

क्रिकेटचे उदाहरण पाहा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल सामन्यांचे हक्क २०२२ च्या लिलावात एकूण ४८,३९० कोटींना गेले. भारतातील दूरचित्रवाणीचे हक्क स्टारने घेतले, डिजिटल हक्क वायकॉम-१८ ने. दोन स्पर्धक एकमेकांवर चढाओढ करीत होते, म्हणूनच २०२३ मध्ये जिओसिनेमाने सामने फुकट दाखविले. दोघे एका छताखाली आले आणि २०२५ च्या हंगामात त्या फुकट प्रक्षेपणाची जागा वर्गणीने व विशिष्ट मोबाइल रिचार्जच्या सक्तीने घेतली. स्पर्धा संपली की फुकटाईही संपते, हे यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणते पाठ्यपुस्तक सांगणार?

शासनाने यापूर्वी काय केले?

या क्षेत्रात शासनाने हात घालूच नये, असे सांगणाऱ्यांना थोडा इतिहास सांगावा लागेल. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरूनच उद्भवलेल्या खटल्यात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. त्या खंडपीठावर आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. प्रक्षेपण ही सरकारची मक्तेदारी नव्हे आणि खासगी मक्तेदारीही नव्हे, ते समाजाच्या हिताचे साधन आहे, हे त्या निकालाचे मर्म. २००७ मध्ये संसदेने कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. २०१९ च्या फेब्रुवारीपासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती केबल व डिशला लागू झाली. प्रत्येक वाहिनीचा कमाल दर जाहीर झाला पाहिजे, ग्राहकाला एकच वाहिनी सुटी घेता आली पाहिजे, ही त्यामागची तत्त्वे होती.

त्या पद्धतीने सर्व काही सुधारले असे नाही. अनेक घरांचे बिल उलट वाढले. वाहिन्यांच्या मालकांनी गठ्ठ्यावर एवढी सूट ठेवली की सुटी वाहिनी घेणे मूर्खपणाचे ठरावे. तरीही एक तत्त्व प्रस्थापित झाले, की तारेतून येणाऱ्या वाहिनीचा दर हा सार्वजनिक चौकशीचा विषय आहे. तीच वाहिनी, तीच मालिका, तोच सामना इंटरनेटवरून आला की मात्र अशी दरपद्धती त्याला लागू होत नाही. वाहतुकीचे साधन बदलले म्हणून मालावरील ग्राहकाचा हक्क कसा संपतो?

तीन आक्षेप

येथे तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की हा चैनीचा विषय आहे. ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्या करतो तेथे चित्रपटांच्या वर्गणीची चर्चा कशाला? हा आक्षेप सद्‌भावनेतून येतो, पण तो अपुरा आहे. शिक्षण, वृत्त, नाटक, भाषा हे सर्व आता याच वाटेने घरात येत आहे. श्रमिकाने केवळ जाहिरातींनी भरलेले फुकट कार्यक्रम पाहावेत आणि उत्तम ते वेशीच्या आत पट्टी भरणाऱ्याने, ही सांस्कृतिक वर्गव्यवस्था आपण का स्वीकारावी?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. मंचावर नियम लादले की सरकार उद्या चित्रपटांवर कात्री चालवील. आणीबाणीत वृत्तपत्रांच्या गळ्याभोवती फास आवळला गेला त्याची आठवण असलेल्या आपल्या पिढीला ही भीती समजते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने प्रसारण सेवांच्या विधेयकाचा जो मसुदा काढला, त्याच्याविरुद्ध उमटलेला स्वर याच भीतीचा होता. म्हणूनच भेद स्पष्ट केला पाहिजे. बाजार समिती कापसाचा काटा तपासते. शेतकऱ्याने कापूस पेरावा की तूर, हे ती सांगत नाही. आपल्याला काट्यावर नियम हवा आहे, आशयावर नव्हे.

तिसरा आक्षेप आपल्याच अनुभवातला. महाराष्ट्राने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. खासगी दलालाच्या जागी शासन हाच एकमेव खरेदीदार झाला. आरंभी त्या योजनेने शेतकऱ्याला आधार दिला. पुढे चुकारे रखडले, तोटा साचला, ग्रेडरच्या दारात रांगा लागल्या आणि अखेर तीन दशकांनी तो एकाधिकार संपला. सरकारी एकच दार हा खासगी एका दाराला पर्याय नव्हे, हा त्याचा धडा. तेव्हा सरकारी मंच हा अनेकांतील एक असावा. त्याने इतरांची जागा घेऊ नये. पण त्याच्या असण्याने इतरांच्या मनमानीला आळा बसावा.

मराठीचे स्थान

भाषेच्या दृष्टीने हा प्रश्न आपल्याला विशेष बोचला पाहिजे. प्राइम व्हिडिओने २०२१ मध्ये ज्या आठ वाहिन्यांसह योजना आणली, त्यांत बंगालीची ‘होईचोई’ होती, मल्याळमची ‘मनोरमा मॅक्स’ होती. मराठीची एकही नव्हती. त्याच वर्षी ‘प्लॅनेट मराठी’ने स्वतंत्र मराठी मंच उभारला आणि ‘जून’ हा चित्रपट तेथे आणला, ही धडपड कौतुकास्पद होती. पण यार्डाबाहेर एकट्याने दुकान मांडणाऱ्याला गिऱ्हाईक मिळविणे किती कठीण, हे वेगळे सांगावयास नको.

एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांना मुख्य वेळेत मराठी चित्रपट दाखविण्याचे बंधन घालण्याचे ठरविले, तेव्हा केवढे वादळ उठले होते! आता प्रेक्षक घरात बसला, पडदा हातात आला, आणि त्या पडद्यावरील मुख्य जागेचा प्रश्न कोणी विचारीत नाही. युरोपीय संघाने मात्र तो विचारला. २०१८ च्या निर्देशानुसार तेथील मंचांना आपल्या संग्रहात किमान ३० टक्के युरोपीय कृती ठेवाव्या लागतात आणि त्या ठळकपणे दिसतील अशी व्यवस्थाही करावी लागते. केरळच्या डाव्या आघाडीच्या सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘सी स्पेस’ हा राज्याचा स्वतःचा मंच सुरू केला. वार्षिक वर्गणी नाही. जो चित्रपट पाहाल त्याचेच ७५ रुपये, आणि त्यातील अर्धी रक्कम निर्मात्याला. कपात किती, हे आधीच जाहीर. हत्ता नाही, उघड हर्रास आहे. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ह्ज’ हा मंच आणला. केरळने जे केले ते महाराष्ट्राला का जमू नये?

काय मागावयाचे?

पाच मागण्या आपण निःसंदिग्धपणे मांडल्या पाहिजेत. एक, मंच आणि वाहिनी यांच्यातील वाट्याचे प्रमाण जाहीर व्हावे. दोन, प्रेक्षकसंख्येचा हिशेब त्रयस्थ यंत्रणेने तपासावा आणि तो निर्मात्याला मिळावा. तीन, मंचाने स्वतःच्या मालाला झुकते माप देऊ नये. डिजिटल स्पर्धा कायद्याचा जो मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे तत्त्व होते, ते संसदेत आणले जावे. चार, वर्गणी जितक्या सहजपणे सुरू होते तितक्याच सहजपणे बंद व्हावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘वर्गणीचा सापळा’ ही निषिद्ध क्लृप्ती ठरविली आहेच, तिची अंमलबजावणी व्हावी. पाच, मराठी कृतींसाठी राज्याचा सार्वजनिक मंच व्हावा आणि तालुक्याच्या ग्रंथालयात तो विनामूल्य पाहता यावा.

या मागण्या दिल्ली-मुंबईच्या दारी आपोआप पोहोचणार नाहीत. जिल्ह्याच्या ग्राहक पंचायतींत, ग्रंथालयांच्या बैठकांत, महाविद्यालयांच्या वाङ्मय मंडळांत हा विषय नेला पाहिजे. वर्गणी आपोआप कापली गेल्याची तक्रार घेऊन जो कोणी कार्यकर्त्याकडे येईल, त्याला ग्राहक साहाय्यवाणीवर तक्रार नोंदविण्यास मदत करणे, हे तर उद्यापासून करता येईल. १९२७ मध्ये उत्पादकाला बाजार समितीत जी जागा मिळाली, ती मिळण्यापूर्वी कारंजाच्या पहिल्या बाजारापासून ४१ वर्षे जावी लागली. या नव्या बाजारात तेवढी वाट पाहण्याची उसंत आपल्याजवळ नाही, कारण दुकाने ओस पडल्यावर काटा तपासायला जाऊन उपयोग नसतो.